लाल केलं, तेलात बुडवलं, की झाला चाकू?

सध्या एक कृती जिकडेतिकडे फिरते आहे. ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, जुना पाटा आणा, चाकूचा आकार द्या, लालबुंद करा आणि गॅरेजमधल्या काळ्या ऑइलमध्ये बुडवा. त्या ऑइलमधला कार्बन म्हणे पोलादात शिरतो, आणि पातं जितकं कडक तितका चाकू भारी. रोज जवळ बाळगायचा चाकू घरी करायला माझी ना नाही. पण ही कृती पाहून केलेला चाकू एकतर वाकेल, नाहीतर मोडेल.

पाटा पोलादाचा असतो, हे खरं. आपल्याकडे ईएन ४५ या ग्रेडसारखं सिलिकॉनचं किंवा क्रोमियम घातलेलं पोलाद कमानींना वापरतात. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के, म्हणजे चाकूला चालण्यासारखा. पण वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि त्या नेमक्या तेलात बुडवताना उघडतात. हातात कोणतं पोलाद आहे याचाही पत्ता नसतो. ग्रेड माहीत असलेली नवी पट्टी घेतलेली बरी.

आता ‘लालबुंद’. उन्हात जे जेमतेम लाल दिसतं, तेच अंधाऱ्या शेडमध्ये रसरशीत दिसतं. म्हणून काहीजण लोहचुंबक लावून पाहतात. पण चुंबक सुटतं ७७० अंशांच्या आसपास आणि क्रोमियमच्या पोलादाला लागतात ८३० ते ८५० अंश, सिलिकॉनच्या पोलादाला त्याहूनही जास्त. चुंबक सुटलं की आणखी थोडं तापवायचं, पण पिवळ्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. तिथे पोलादातले कण मोठे होतात आणि ते ठिसूळ होतं. एक तुकडा कडक करून मोडून पाहा: साखरेसारखे चमचमते दाणे दिसले तर जास्त तापलं, बारीक करडा पोत दिसला तर जमलं.

ऑइलमधला कार्बन पोलादात शिरतो, ही तर निव्वळ थाप. कार्बन शिरवायला पोलाद ९०० अंशांच्या वर काही तास ठेवावं लागतं. तेलात ते काही सेकंदांत निवतं. जळक्या ऑइलमध्ये असतात ते धातूंचे कण, कधी पेट्रोल, आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं. त्याचा धूर कशाला छातीत घ्यायचा? शेंगदाण्याचं तेल ५०–६० अंशांवर कोमट करून लोखंडी डब्यात घ्या, झाकण हाताशी ठेवा. कोमट तेल पातळ होतं आणि उलट लवकर थंड करतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र कृतीत न सांगितलेल्या गोष्टीत आहे. तेलातून काढलेलं पातं ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तर तुकडे होऊ शकतात. ते हाताला सोसवेल इतकं निवलं की लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, निवू द्यायचं, पुन्हा दोन तास. घरच्या ओव्हनचा आकडा पुष्कळदा खोटा असतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. यात थोडा कडकपणा जातो, तो जायलाच हवा. कमानीच्या पोलादाला रॉकवेल या कडकपणाच्या मापावर ५७-५८ पुष्कळ झालं. त्याहून जास्तीचा हट्ट धरलात तर धारेचे टवके उडतील.

इथे उत्तर ठरलेलं असतं: ‘आमचा लोहार ओव्हन कुठे वापरतो? तो तर पाण्यात विझवतो!’ बरोबर आहे, पण नीट बघा. तो विळ्याची फक्त धार बुडवतो, बाहेर काढून घासतो आणि पाठीत उरलेली धग धारेकडे सरकताना रंग बघत थांबतो. फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा. हवा तो रंग आला की पुन्हा पाण्यात. दुसरी तापवणी तोही करतोच, त्याच आचेवर. ती नजर व्हिडिओ बघून येत नाही, आणि पातळ पातं पाण्यात घातलं तर तडकण्याची भीती फार.

शेवटी जाडी, जिचा कोणी उल्लेखच करत नाही. पाटा निदान सहा-आठ मिलिमीटरचा असतो. तसाच ठेवलात तर कडक असूनही टोमॅटो चिरायचा नाही, चेंगरेल. विझवण्याआधी धारेकडे एक मिलिमीटर ठेवा, नाहीतर पातं वाकडं होतं. नंतर घासून अर्ध्या मिलिमीटरवर आणा. ते करताना हातमोजे नकोत. बोटांना चटका बसला की पातं पाण्यात बुडवा. धार निळी पडली तर तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, आणि तेवढा भाग घासून टाकण्यावाचून इलाज नाही.