ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं नाही

ट्रकमालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढा, ऑइल काळं दिसलं की किलोमीटर न बघता बदला, नाहीतर इंजिन बसेल. हे चूक आहे.

डिझेल जळताना काजळी होतेच. ती रिंगांवर, पिस्टनवर थर धरू नये म्हणून ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात. ते काजळी ऑइलमध्येच तरंगत ठेवतात. त्यामुळे नवं ऑइल भरून थोडं अंतर कापलं की डिपस्टिक काळीच निघते. ऑइल काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ.

घाबरायचं वेगळ्या खुणांना. ऑइल दुधाळ झालं तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. पातळी आपोआप वाढली, डिझेलचा वास आला, तर इंधन मिसळतंय. तेव्हा मात्र गाडी लगेच उभी करा.

बदलायचं मॅन्युअलप्रमाणे: किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते. खाणीतला टिपर, सततचा घाट, तासन्‌तास उभ्याने चालू इंजिन असेल तर त्याआधी. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ (प्रदूषणाचा नवा निकष) गाडीला जळल्यावर कमी राख सोडणारं, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं. जुन्या गाडीचा उरलेला कॅन तिच्यात रिकामा करू नका. (हा मोह भल्याभल्यांना होतो.) घरी बदलत असाल तर इंजिन कोमट असताना जुनं ऑइल काढा, फिल्टर सोबतच बदला, ड्रेन प्लगचा वॉशर नवा घाला. जुनं ऑइल गटारात नको, अधिकृत रिसायकलरकडे द्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.