जास्वंदीची नाडीपरीक्षा

सोलापुरात अंगणातल्या मोठ्या जास्वंदीची पाने पिवळी पडली, की झाडापेक्षा मालकाचेच हाल अधिक होतात. आमची जास्वंद जुनी आणि पार गच्चीला टेकलेली असल्यामुळे तिचे दुखणे रस्त्यावरूनही दिसते, आणि फाटकाशी थबकणारा प्रत्येक जण निदान सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. शेजारच्या काकूंनी दृष्ट लागल्याचे जाहीर करून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि ते मीठ थेट बुंध्याशीच टाकले. सांगोल्याकडे डाळिंबाची बाग असलेल्या मामांनी तर गाडीवरून न उतरताच "तेल्या आहे, तेल्या!" असा निकाल दिला. तेल्या हा डाळिंबाचा रोग; त्याचे डाग काळपट, तेलकट असतात आणि आमच्या पानांवर डाग औषधालाही नव्हता. पण त्या रोगाने मामांना इतके छळले आहे, की त्यांना तो तुळशीवरही दिसतो.

पिवळी पडलेली पाने जुनी की कोवळी, हे मात्र कोणीच विचारत नाही. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी पडलेले असते; शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर संशय लोहावर घ्यावा. आमचे शेंड्याचे पान उन्हात धरले, तेव्हा हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसली. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असतेच, पण सामू (मातीचा पीएच) 8 च्या आसपास गेला की मंजूर झालेल्या अनुदानाप्रमाणे ते मुळांच्या हाती लागत नाही. त्यात बोअरचे जड पाणी भर घालते. खताच्या दुकानदाराने पान न पाहताच हिराकस, म्हणजे लोहाचेच साधे खत, पुढे केले. तेही अशा मातीत लवकरच अडकून बसते. अशा मातीतही मुळांना मिळत राहणारे ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह मागितल्यावर त्याने माझ्याकडे थकबाकीदाराकडे पाहावे तसे पाहिले.

आता शेंड्याला हिरवी पाने आली आहेत. काकू म्हणतात, दृष्ट उतरली. मामा म्हणतात, तेल्या उन्हाने गेला. तळाशी निव्वळ वयोमानाने पिवळ्या पडलेल्या पानांवरून मात्र फाटकाशी नवा वाद सुरू झाला आहे.