आनि-पानीची पंचाईत

आमच्या गिरगावच्या जुन्या चाळकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच धुमश्चक्री चालू आहे. टीव्हीवरची कुणी निवेदिका 'आनि', 'पानी' म्हणते, म्हणून बोरिवली-डोंबिवलीला पांगलेले सगळे एकदम खवळलेत. एकाने तर तिचं शिक्षणच काढलं. ही कुणाच्या घरातली, हेच त्याला विचारायचं होतं, हे न कळण्याइतके आपण कुणी भोळे नाही.

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये लोक सर्रास 'बस'ला 'बुस' आणि 'कप'ला 'कुप' म्हणतात. शाळेत शिकवतात, ऑपरेशनं करतात, कुणी शिक्षण काढत नाही. (लंडनवाले नाक मुरडतात, पण ते सोडा.) आघात, म्हणजे अक्षरावरचा जोर, हलला की मात्र सगळं अडतं. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टो'वर सरकतो आणि 'फो' जवळजवळ गिळला जातो. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला पंगतीत सारखं वाढतो. माझा 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच आहे, त्यावर ऑफिसात कुणाचं काही अडलं नाही. 'डेव्हलप'चा जोर 'डे'वर गेला, की समोरचा 'सॉरी?' म्हणून पुढे वाकतो.

मराठीत आघाताने अर्थ सहसा बदलत नाही, 'मन' आणि 'मण' वेगळे, हे मलाही ठाऊक आहे; शिकवायला येऊ नका. पण 'पानी' मागितलं म्हणून आजवर कोण तहानलेलं राहिलंय? उलट 'हो का' घ्या. अक्षरं तीच, कौतुक आहे, चौकशी आहे की आता कानाखाली बसणार, ते सूर सांगतो. लोकलच्या फलाटावरची घोषणा ऐका. एकूण एक 'ण' शुद्ध, आणि तुकडे जोडलेल्या वाक्यात मधला आकडा भलत्याच पट्टीत येऊन आदळतो. त्यावर ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही.

माझे 'ण' आणि 'ळ' अजून खणखणीत आहेत. घरचा मालवणी हेल शाळेतल्या बाईंनी वक्तृत्व स्पर्धेसाठी घासून काढला, उरलेलं काम इथल्या ऑफिसने केलं. लालबागची आत्या फोनवर म्हणते, "तू असा काय बोलतंस गो?" माझं साधं 'हो' ऐकून ती विचारते, रागावलंस काय? मी पुन्हा म्हणून बघते. दुसऱ्यांदा ते जास्तच तुटक येतं.

ग्रुपवर मात्र माझी मराठी इतक्या वर्षांनीही कशी शुद्ध, म्हणून पाठ थोपटतात. तिथे मी टाइपच करते. व्हॉइस नोट कधी पाठवत नाही.