घाम नको की पगार द्यायला नको?

‘कोल्हापूरच्या पोरांना घाम गाळायला नको, म्हणून फौंड्रीत बाहेरचे कामगार आणावे लागतात’ हे लेखातलं वाक्य वाचून डोकंच फिरलं. माझा थोरला आयटीआय करून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, दोन वर्षं होता, फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांवरचा जादा धातू घासून काढायला. बारा बारा तास ग्राइंडर. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा. मास्क मागितला तर सुपरवायझर म्हणायचा, टॉवेल बांध की! हजेरी ठेकेदाराकडं, पगाराची स्लिप कधी डोळ्यानं बघितली नाही. आता चाकणला आहे. कष्ट तेवढेच, पण पीएफ जमा होतोय आणि ओव्हरटाइम मिळतोय.

बिहार-ओडिशाच्या पोरांबद्दल तक्रार नाही, ती एका खोलीत सहा-सहा जण झोपतात म्हणून त्यांचं भागतं. ह्याच गावातल्या माणसांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनवून शेतकऱ्यांच्या विहिरींवर बसवली, तेव्हा काय एसीत बसून बनवली व्हय? कर्नाटकात वीज स्वस्त पडते म्हणून कारखानदार ओरडतात, त्यांचं दुखणं असेलही खरं. पण ते बिल पोरांच्या पगारातनं का वसूल करायचं?