दातांचं इम्प्लांट आणि एमआरआय : खुलासा

‘दाताचं इम्प्लांट बसवलं की पुन्हा कधीच एमआरआय करता येत नाही,’ असा मेसेज फिरतो आहे. हे चुकीचं आहे. इम्प्लांट म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू; तो बहुतेक वेळा टायटॅनियमचा असतो आणि टायटॅनियमला एमआरआय यंत्रातलं लोहचुंबक लोखंडासारखं खेचत नाही. स्वीडनमध्ये संशोधक डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचेच स्क्रू बसवले, कारण हाड या धातूला घट्ट धरून राहतं. एमआरआयमध्ये जबड्याजवळचं चित्र थोडं बिघडू शकतं, एवढंच. कवळी लोहचुंबकाच्या आधाराने बसत असेल, तर मात्र तपासणीआधी ती काढायची आणि जबड्यात काय बसवलंय तेही तंत्रज्ञांना सांगायचं. या मेसेजपायी मेंदूचा किंवा मणक्याचा एमआरआय कृपया पुढे ढकलू नका.