तीन वर्षांच्या बोलीवर आलेलं सोनं

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून 2024 साली गादीच्या दोन गावांत उसन्या वस्तू आल्या. जुलैत साताऱ्याला वाघनखं आली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी, 1 मे रोजी, घानातल्या कुमासी शहरात मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयात असांते राजांच्या 32 वस्तूंचं प्रदर्शन उघडलं. त्यातल्या 17 याच संग्रहालयाच्या, उरलेल्या 15 ब्रिटिश म्युझियमच्या. मुदत दोन्हीकडे तीन वर्षांची, आणि मालकी दोन्हीकडे लंडनचीच. घानात राहून मराठी बातम्या वाचणाऱ्याच्या मनात या दोन घटना आपोआप शेजारी येऊन बसतात.

महाराष्ट्रात वाद झाला तो एका प्रश्नावर: ही वाघनखं महाराजांचीच का? कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी आक्षेप घेतला, संग्रहालयानेही खात्री देता येत नाही असं सांगितलं. प्रश्न रास्त आहे. कुमासीत मात्र बोलण्याची सुरुवात दुसरीकडून होते: ही वस्तू कोणत्या पदाची, ती कोणी कधी उचलली, आणि लंडनमध्ये कोणी कोणाला विकली. आपणही तिथूनच सुरुवात करायला हवी असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी असांते राज्य चालायचं कसं, ते आधी पाहायला हवं. आपल्याकडे आफ्रिकेचा इतिहास मलिक अंबर आणि जंजिऱ्याच्या सिद्दींपाशी थांबतो. असांते लोक खंडाच्या दुसऱ्या टोकाचे, पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातले, भाषा त्वी.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेई तुतूने कुमासीभोवतीची अकान लोकांची संस्थानं एकत्र बांधली आणि 1701 मध्ये फेयियासेच्या लढाईत डेंचिरा या वरचढ राज्याला हरवलं. त्याचा पुरोहित ओकोम्फो अनोची याने आकाशातून सोन्याचं आसन उतरवलं, अशी श्रद्धा आहे. नाव सिका द्वा कोफी, म्हणजे शुक्रवारी जन्मलेलं सोन्याचं आसन. ‘सातारची गादी’ म्हटलं की आपल्याला राज्यच अभिप्रेत असतं; त्वीतला ‘द्वा’ तसाच. पण या आसनावर राजाही बसत नाही, कारण त्यात सगळ्या प्रजेचा प्राण आहे असं मानतात. 1900 मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने ते आसन आपल्याला बसायला का दिलं नाही असं भर सभेत विचारलं आणि एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं. असांते ते युद्ध हरले, पण आसन ब्रिटिशांच्या हाती लागलं नाही.

वारसा आईच्या बाजूने जातो. राजाचं नाव राजमाता सुचवते, सरदार मान्य करतात, आणि शपथ मोडणाऱ्या राजाला उतरवताही येतं. लष्कराची मांडणी ठरलेली: मधली फळी, उजवी बगल निफा, डावी बेन्कुम, पिछाडी चिडोम. निफाहेने आणि बेन्कुमहेने, म्हणजे या बगलांचे प्रमुख, ही पदं आजही गावोगावच्या दरबारांत भरली जातात. आपल्याकडे चिटणीस, फडणीस, पोतनीस ही पदं होती, ती आता आडनावं झाली आहेत. हा फरक पुढे कामाला येतो.

राज्याचा कणा होता सोन्याच्या भुकटीचा व्यवहार. नाणं नव्हतं, बाजारात भुकटीच तोलून द्यायची. देणारा आणि घेणारा दोघेही स्वतःचा काटा आणि वजनं घेऊन येत, आणि दोघांचं माप जुळेपर्यंत सौदा पुरा होत नसे. भुकटी आधी पितळेच्या उथळ ताटलीत पसरून हलकी फुंकर मारायची. वाळू उडते, आणि लबाडीने मिसळलेला पितळेचा कीसही बराचसा उडतो, कारण पितळ सोन्याच्या निम्म्याहूनही हलकं. फुंकर जोराची झाली तर बारीक सोनंही जातं, म्हणून हात सरावाचा लागे. मग चमच्याने पारड्यात.

वजनं पितळेची. मधमाशांच्या मेणात आधी आकृती घडवायची: पक्षी, मगर, ढाल, नाहीतर नुसती भौमितिक नक्षी. तिच्यावर कोळशाची पूड मिसळलेल्या बारीक मातीचे लेप द्यायचे, वाळवायचं, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय वजन बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक वजन वेगळं. ओतून झाल्यावर ते हलकं भरलं तर शिशाचा ठिपका किंवा तारेचं वळं जोडायचं, जड भरलं तर कोपरा कापायचा. संग्रहालयातल्या वजनांवर या दुरुस्त्या साध्या डोळ्यांनी दिसतात. मापाच्या तळाशी असायची ‘दम्मा’ नावाची बी. ती लाल-काळी बी म्हणजे आपली गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा करणाऱ्या आपल्या सोनारांना हे कोष्टक परकं वाटणार नाही. मोठ्या रकमांचं माप पेरेद्वान, सुमारे 70 ग्रॅम, म्हणजे सहा तोळे. 1817 मध्ये कुमासीला आलेल्या बाऊडिच या इंग्रज वकिलाने राजाची वजनं चालू वजनांपेक्षा एक तृतीयांशाने जड असल्याची नोंद केली आहे. म्हणजे राजाला देणं चुकवताना प्रजा जास्त सोनं घाली. जमाखर्च पाहणारा अधिकारी जासेवाहेने.

कुमासीतून आठ मोठे रस्ते निघत. उत्तरेचे चार कोला बियांच्या व्यापाराचे, सलागासारख्या बाजारांकडे नेणारे. दक्षिणेचे चार किनाऱ्याकडे, बंदुका, बंदुकीची दारू आणि कापड आणणारे.

4 फेब्रुवारी 1874 रोजी ब्रिटिश जनरल वुल्झलीची फौज कुमासीत शिरली. राजवाडा लुटला, मग सुरुंगाने उडवला आणि शहराला आग लावली. फोमेनाच्या तहात 50,000 औंस सोन्याची खंडणी लादली, म्हणजे दीड टनाहून जास्त. लुटीतलं काही केप कोस्टला लिलावात गेलं, काही लंडनच्या गॅरार्ड या जवाहिऱ्यांकडे, आणि तिथून त्याच वर्षी 13 वस्तू आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने विकत घेतल्या. राजाच्या आत्म्याची शुद्धी करणारे सेवक गळ्यात घालत ती सोन्याची पदकं यातच आहेत. ब्रिटिश म्युझियमने पाठवलेली म्पोम्पोन्सुओ तलवार राजाच्या शपथेची: राजा प्रजेपुढे शपथ घेतो ती हिच्यावर. हरलेल्या राजाला, कोफी कारिकारीला, त्याच वर्षी गादीवरून उतरवलं, आणि त्याच्यावर आरोप होता तो पूर्वजांच्या समाधीतलं सोनं काढल्याचा. ज्या समाजाने राजवंशाचं सोनं हलवलं म्हणून राजाला उतरवलं, तो लंडनकडे हिशेब मागतो तेव्हा त्या मागणीला वजन असतं.

आता वाघनखांकडे पाहा. पेटीवरचा इंग्रजी मजकूर सांगतो की पेशव्यांच्या पंतप्रधानाने ती ग्रँट डफला दिली, तो साताऱ्याला रेसिडेंट असताना. डफ साताऱ्याला होता 1818 ते 1822. पण पेशवा स्वतःच ‘मुख्य प्रधान’. त्याचा प्रधान म्हणजे नेमका कोण? कारभारी, दिवाण, की छत्रपतींच्या दरबारातला कोणी? 1659 पासून 1818 पर्यंतची जवळजवळ 160 वर्षं ती कोणाच्या जामदारखान्यात होती? या प्रश्नांची उत्तरं लंडनच्या पेटीत नाहीत. ती मिळालीच तर साताऱ्याच्या आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी रुमालांत मिळतील. शिवाय पेटीवरचा मजकूर खरा धरला तर ही वस्तू लुटलेली नाही, दिलेली आहे. पराभवानंतर दिलेली भेट किती स्वखुशीची, हा वेगळा आणि महत्त्वाचा मुद्दा, पण कुमासीची मागणी जशीच्या तशी साताऱ्यात लावता येणार नाही.

‘ब्रिटनचा कायदाच आडवा येतो’ हे दोन्हीकडे ऐकू येतं. ते खरं आहे: वस्तू कायमच्या परत करायला ब्रिटिश म्युझियमला 1963 चा कायदा आडवा येतो, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला 1983 चा. घानात यावर राग आहेच. लुटलेला माल मूळ मालकालाच उसना द्यायचा, हे कोणाच्या गळी उतरेल? पण लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये सात वस्तू कायमच्या परत केल्या. त्यांतल्या चार 1874 च्या लुटीतल्या, तीन खंडणीतल्या. हे वर्गीकरण शक्य झालं ते नोंदी शोधल्या म्हणून. महाराष्ट्राने 2025 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात विकत घेतली, हा तिसरा मार्ग. मला त्यात गैर काही दिसत नाही, पण ती तलवार नागपूरहून बाहेर कशी गेली याचा शोध खरेदीइतक्याच पैशाने आणि जोमाने व्हायला हवा.

एक गोष्ट इथे दडवू नये. असांतेंच्या वैभवात गुलामांचा व्यापार होता. युद्धकैदी किनाऱ्यावरच्या युरोपीय किल्ल्यांना विकले जात, आणि उत्तरेकडच्या दागोम्बा राज्याकडून खंडणीत माणसं घेतली जात. घानाच्या उत्तर भागात या साम्राज्याची आठवण कुमासीसारखी नाही. मराठी माणसाने हे ऐकताना बंगालकडे पाहावं. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांचे ‘बर्गी’ तिथे मुलांना झोपवताना आठवतात. आपल्या प्रदर्शनात ती आठवण कुठल्या पाटीवर दिसते?

कुमासीचा करार घाना सरकारशी झाला नाही. तो राजे ओतुम्फुओ ओसेई तुतू दुसरे यांच्याशी झाला, कारण ज्या पदांच्या या वस्तू ती पदं राजवाड्यात अजून आहेत. आपल्याकडे पदं आडनावांत विरली, म्हणून सही राज्य सरकारची. मग कागद उघडे करण्याची जबाबदारीही सरकारचीच. मुदत 2027 मध्ये संपते. तेवढ्या अवधीत करार मराठीत छापता येईल. पेटीवरच्या मजकुराचा फोटो आणि भाषांतर वाघनखांशेजारी लावता येईल. आणि 1818 ते 1822 मधले सातारा रेसिडेन्सीचे आणि छत्रपतींच्या जामदारखान्याचे मोडी कागद चाळायला मोडी जाणणारी माणसं पगारावर नेमता येतील.