आवाज बंद, पट्टी चालूच

काल संध्याकाळची गोष्ट, नागपूरचा वर्धा रोड. विमानतळाकडून छत्रपती चौकात यायचं तर डबलडेकर उड्डाणपुलाच्या तोंडाशी डावी बाजू धरून खालीच राहावं लागतं. चुकून वर चढलात की छत्रपती चौक खाली राहतो आणि तुम्ही थेट अजनीकडे उतरता. हे सांगणारी गूगल मॅप्सची हिरवी पट्टी स्क्रीनच्या वरच्या टोकाला असते. चढाव जेमतेम पन्नास मीटरवर आला आणि टॅक्सीवाल्या दादाच्या फोनवर बरोब्बर त्याच टोकाला वरून नोटिफिकेशनची पांढरी पट्टी घसरली. बिर्याणीवर ५० टक्के सूट, फक्त आज रात्री १२ पर्यंत.

बिर्याणी! ताशी ५० च्या वेगात चाललेल्या माणसाला, पूल की खालचा रस्ता हे ठरवायच्या क्षणी, बिर्याणी!

ही पट्टी लगेच जात नाही, काही सेकंद तिथंच बसून राहते. हटवायची तर बोटाने वर ढकलावी लागते. बोट सरकायच्या ऐवजी टेकलं की ती उघडते, मॅप्स मागे जातो आणि स्क्रीनभर हॉटेलांचे फोटो. तेच झालं. दादाने अंगठा लावला, ॲप उघडलं, रस्ता गायब. त्याची नजर खाली, गाडी सरळ चढावाकडे. मग मागच्या सीटवरून ओरडा आणि करकचून ब्रेक. अर्धी गाडी चढावाच्या तोंडात, अर्धी खालच्या रस्त्याला. मागची ॲक्टिवा बंपरपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. तिच्यावर पुढे एक पोरगं उभं होतं, हँडल धरून. त्याच्यामागे ‘आपली बस’ हॉर्न दाबून उभी.

शिव्या कोणाला बसल्या? दादाला. ॲक्टिवावाल्याने घातल्या, बसवाल्याने घातल्या, पायी चाललेल्या दोघांनीही थांबून घातल्या. ज्यांनी ती पट्टी पाठवली त्यांच्या कानावर यातलं काही जाणार नाही. त्यांच्या हिशोबात तर माणसाने ऑफर उघडून पाहिली, म्हणजे काम फत्ते!

आणि फोन सायलेंटवर होता, राजेहो. हीच तर चीड आहे. दादाने त्याच्या परीने काळजी घेतलीच होती. पण सायलेंट केल्याने घंटी थांबते, पट्टी थांबत नाही. गाडी चालवताना कानापेक्षा डोळा महत्त्वाचा आणि आपल्याला आयुष्यभर शिकवलं काय, तर आवाज बंद करा. ५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. दोन सेकंद पट्टीकडे पाहिलं की २८ मीटर आंधळेपणाने. समृद्धी महामार्गावर १२० ने चाललात तर तीन सेकंदात १०० मीटर. ‘एकच नजर टाकली भाऊ’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा.

बरं, फोनमधलं ‘डू नॉट डिस्टर्ब’, म्हणजे ‘मला त्रास देऊ नका’ वालं बटण लावलं तरी सुटका नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते जसं कंपनीकडून येतं तसं ठेवलं तर तेही फक्त आवाजच गिळतं. नोटिफिकेशन स्क्रीनवर दिसत राहतात. त्यासाठी डू नॉट डिस्टर्बच्या पानावर सगळ्यात खाली जाऊन, लपवलेल्या नोटिफिकेशनचं काय करायचं तो पर्याय शोधावा लागतो. तिथं ‘आवाज नाही’ च्या जागी ‘आवाजही नाही, दिसायलाही नाही’ निवडायचं. कुठल्या फोनमध्ये त्याला ‘हाइड नोटिफिकेशन्स’ म्हणतात आणि तिथं ‘हाइड ऑल’ करावं लागतं. जी गोष्ट पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवी ती तीन पानं आत. काहून बे? रोजचे दोनशे किलोमीटर मारणारा माणूस तीन पानं आत कधी जाणार? आणि ऑफर पाठवणाऱ्याला मात्र थेट काचेसमोरची जागा!

मग कोणी जास्त शहाणपणाने ‘टोटल सायलेन्स’ लावतो. त्यात मीडियाचा आवाजही बंद होतो आणि मॅप्सची बाई मुकी होते. ती बोलत नाही म्हणून माणूस पुन्हा स्क्रीनकडे पाहतो. म्हणजे उपाय केला आणि डोळा होता तिथंच. डू नॉट डिस्टर्बमध्ये अलार्म आणि मीडिया चालू ठेवा, बाकी सगळं बंद. मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये मार्गदर्शनाचा आवाज मोठा करा. बाई नीट ऐकू आली की स्क्रीनकडे पाहायची गरज बरीच कमी होते.

व्हॉट्सॲपची तर वेगळीच तऱ्हा. सोसायटीचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, सगळे ‘कायमचे म्यूट’ केले तरी कोणी तुमचं नाव घेऊन ॲट लावलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं की नोटिफिकेशन येतंच. अर्काइव्हमध्ये टाकलेल्या ग्रुपचंही तेच. आणि भावकीच्या ग्रुपवर एक काका असतोच, जो सुप्रभात म्हणताना सतरा जणांना नाव घेऊन टॅग करतो. सकाळी साडेनऊला! जेव्हा अख्खं नागपूर ऑफिस गाठायला व्हरायटी चौकातून घुसत असतं! व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये ‘हाय प्रायॉरिटी नोटिफिकेशन्स’ नावाचं बटण आहे, मेसेजसाठी वेगळं, ग्रुपसाठी वेगळं. स्क्रीनवर वरून घसरणारी पट्टी यांच्यामुळे येते. दोन्ही बंद करा. मेसेज कुठं जात नाही, यादीत पडून राहतो, पोचल्यावर वाचा. बाकीच्या ॲपचं करायचं तर पट्टी आल्यावर, गाडी उभी असताना, ती दाबून धरा आणि ‘सायलेंट’ निवडा. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, एकाच ॲपचे ऑर्डरचे मेसेज आणि ऑफरचे मेसेज वेगळे बंद करायची सोय आहे. पण किती ॲप सगळ्या ऑफर ‘जनरल’ नावाच्या एकाच कप्प्यात कोंबतात! ऑफर बंद केली की डिलिव्हरीची खबरही बंद. हा सरळसरळ अडवणुकीचा धंदा आहे.

तो नंबरवरून नाव दाखवणारा ॲपही घ्या. फोन वाजताना अर्धी स्क्रीन झाकतो, फोन ठेवल्यावर पुन्हा पूर्ण कार्ड टाकतो, त्यात जाहिरात, आणि बंद करायची फुली एवढीशी, कोपऱ्यात. डू नॉट डिस्टर्ब याला अडवत नाही, कारण हा नोटिफिकेशन पाठवतच नाही, दुसऱ्या ॲपवर स्वतःची खिडकी मांडतो. त्याची ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ ही परवानगी काढल्याशिवाय तो गप्प बसत नाही. ती काढली की रोज उठून ‘परवानगी द्या’ म्हणून भुणभुण. नका देऊ.

कर्जवाल्यांचं तर बोलायलाच नको. १९०९ वर ‘स्टार्ट ०’ असा मेसेज पाठवला की जाहिरातीचे कॉल आणि मेसेज बंद व्हायला हवेत. पण सर्व्हिस मेसेज या नावाखाली तेच लोक मागच्या दाराने शिरतात. जाहिरातीच्या कॉलला १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले, बँकांच्या सेवेच्या कॉलला १६०० ची मालिका दिली, तरी साध्या दहा आकडी नंबरवरून ‘सर, प्री-अप्रूव्ह्ड लोन’ चालूच. आणि यांची वेळ कोणती? तुम्ही मानकापूरच्या पुलावर असता तीच!

गाडीच्या स्क्रीनने तर कमाल केली आहे. फोन गप्प केला तरी गाडी बोलते. ब्लूटूथ जोडताना पहिल्याच दिवशी ‘संपर्क आणि मेसेज वापरू द्यायचे का’ विचारलं जातं आणि शोरूममधला पोरगा भराभर ‘हो’ दाबून टाकतो. मग बँकेचा मेसेज दहा इंची पडद्यावर, शेजारी बसलेल्या पाहुण्यांसकट सगळ्यांना दिसतो. फोनच्या ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावासमोरचं चाक दाबा, मेसेजची परवानगी काढा, कॉलची राहू द्या. फोन गाडीच्या पडद्यावर आणणारं अँड्रॉइड ऑटो असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये मेसेज दाखवणं वेगळं बंद करावं लागतं. एक दार लावलं की दुसरं उघडं. हातातलं घड्याळ हे तिसरं दार. फोन शांत आणि मनगट थरथरतंय. घड्याळाचं डू नॉट डिस्टर्ब फोनशी जोडलं नसेल तर हँडल धरलेल्या हातालाच ते झटके बसतात. आणि आता ब्लूटूथवाल्या स्कूटरांच्या मीटरवरही कॉल आणि मेसेजची चिन्हं लुकलुकतात. वेग दाखवायच्या जागेत मेसेज! कोणी मागितलं होतं हे? स्कूटरच्या ॲपला दिलेला ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ काढून घ्या, मीटर पुन्हा मीटर होईल.

कारमध्ये निदान हे आपोआप करता येतं. आयफोनमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग, आणि ‘गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर’ हा पर्याय. ‘आपोआप’ वाला निवडू नका, तो हालचालीवरून अंदाज बांधतो आणि खापरी ते सीताबर्डी मेट्रोत बसलात तरी तुम्हाला ड्रायव्हर समजतो. सॅमसंगमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ मध्ये ड्रायव्हिंग आहे, पिक्सेलमध्येही ड्रायव्हिंग मोड आहे. दोन्हीला गाडीचं ब्लूटूथ दाखवून द्यायचं. काही फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली हे रूटीनच झोपवून टाकतात. म्हणून त्या रूटीनच्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, नाहीतर चार दिवस चालेल आणि पाचव्या दिवशी गुपचूप बंद पडेल. बहुतेक दुचाक्यांना ब्लूटूथ नाही, म्हणून दुचाकीवाल्याने काय ते निघायच्या आधी हाताने लावावं. फोनमध्ये एनएफसी, म्हणजे नुसतं टेकवून काम करायची सोय असेल तर त्याची एक चकती डिकीच्या झाकणाला आतून चिकटवा, फोन टेकवला की मोड चालू. झाकणावर बाहेरून लावली तर आपल्या उन्हात गोंद सुटून गळून पडते.

आता यावर घरच्यांचा हल्ला. ‘फोन का उचलला नाहीस?’ अरे, गाडीवर होतो! एकदा नाही उचलला म्हणजे गाडीवर असेल, हे नागपुरात कोणाच्याच डोक्यात येत नाही. लगेच दुसरा, मग तिसरा, मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. व्हिडिओ कॉल! अँड्रॉइडमध्ये ‘रिपीट कॉलर्स’ चालू असेल तर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा आलेला फोन डू नॉट डिस्टर्ब भेदून वाजतो, आयफोनमध्ये हीच मुदत ३ मिनिटं. ही सोय खऱ्या अडचणीसाठी ठेवली आहे, आणि आपल्याकडे ती ‘येताना सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणजो’ साठी खर्च होते. घरचे दोन-तीन नंबर स्टार करा, फक्त स्टारवाल्यांचे कॉल वाजू द्या, रिपीट कॉलर्स बंद. आयफोनचं आपोआप जाणारं उत्तर लावाच, पण ते साध्या मेसेजने जातं, व्हॉट्सॲपवर नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवाले नातेवाईक रुसतातच. रुसू द्या.

कायदा विचारू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये आलं, पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात फोन फक्त रस्ता पाहायला चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बरोबर आहे, हवाच हा नियम. पण लक्ष विचलित करणारी पट्टी जो पाठवतो त्याला एक रुपया दंड नाही. पावती फाटते ती दादाची.

आणि सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते डिलिव्हरीच्या पोरांचं पाहून. वर लिहिलेलं काहीही त्यांना लागू नाही. नोटिफिकेशन बंद केलं की पोटच बंद. शंकरनगरहून मनीषनगरला निघालेल्या पोराच्या हँडलवर नवी ऑर्डर वाजते, सेकंद उलटे मोजत. तेवढ्यात बोट लावलं नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. चालत्या गाडीवर, एका हाताने, भर चौकात. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, हे कंपनीला क्षणाक्षणाला कळतं, त्यावरच तर गिऱ्हाईकाच्या नकाशावर ती चिमुकली स्कूटर सरकते. मग तोच वेग पाहून, गाडी थांबेपर्यंत नवी ऑर्डर रोखून धरायला काय जातं? हिशोब जागेवर आहे, जीपीएस जागेवर आहे, पोरगं सिग्नलला थांबलं की दाखवा ऑर्डर, आणि सेकंद तेव्हापासून मोजा.

गिऱ्हाईकही कमी नाहीत. सोफ्यावर बसून नकाशावर स्कूटर हलताना दिसते आहे, तरी फोन लावतात, ‘भाऊ, कुठे आहे?’ हलते आहे ना ती? मग तो गाडीवर आहे! ठेवा फोन खाली.